कोसीच्या वाळवंटी

नदी ज्या जागेतून वाहते तिला आपल्या भाषेने 'पात्र' असे नाव दिले आहे. पात्र म्हणजे भांडे. आणि भांड्यात जसे पाणी राहावे तशी नदी आपल्या पात्रात राहते, अशी आपली सहज समजूत असते. ज्या दख्खनच्या भूमीत ही भाषा वाढली तेथे ती समजूत बव्हंशी खरीही आहे. कृष्णा काय, घटप्रभा काय, मलप्रभा काय, या नद्यांनी लक्षावधी वर्षे कातळ कोरून आपापल्या वाटा पाडल्या आहेत. पावसाळ्यात त्यांना पूर येतो, घाटाच्या पायऱ्या बुडतात, क्वचित गावात पाणी शिरते. पण पूर ओसरला की नदी पुन्हा त्याच पायऱ्यांशी येऊन उभी राहते. वाईचे अथवा नरसोबाच्या वाडीचे घाट ज्यांनी बांधले त्यांच्या मनात नदी उद्या येथे असेल की नाही ही शंका कधी आली नसावी.

उत्तर बिहारात कोसी नावाची नदी आहे. तिच्या तीरावर दगडी घाट नाहीत. घाट कोठे बांधावा हेच तेथे कोणास सांगता येत नाही, कारण ज्या ठिकाणी आज तीर आहे त्या ठिकाणी पुढील वर्षी भर प्रवाह असेल, आणि जेथे आज नाव चालते तेथे पुढच्या हिवाळ्यात मोहरी फुललेली दिसेल. गेल्या वर्षी ख्रिस्तजन्माचा सण आटोपल्यावर मला त्या प्रांती आठ-दहा दिवस राहण्याचा योग आला. सेमिनरीत माझ्याबरोबर शिकलेले एक धर्मगुरू तिकडे सेवाकार्य करीत आहेत. त्यांच्या आमंत्रणावरून गेलो, आणि त्यांच्यासमवेत जे पाहिले व ऐकले ते आपल्या साप्ताहिकाच्या वाचकांपुढे ठेवीत आहे. कोसी आपल्यापासून शेकडो कोस दूर असली तरी ती जे शिकविते ते बडोद्याच्या, हैदराबादच्या वा बेळगावच्या वाचकास निरुपयोगी नाही, असे मला वाटते.

दरभंग्याकडून निघालेली आमची गाडी झंझारपूर व निर्मली ही स्थानके मागे टाकून कोसीच्या पुलावर आली तेव्हा सकाळचे धुके नुकतेच विरत होते. पूल सुमारे दोन किलोमीटर लांब. खाली पाहतो तो नदी म्हणावी असे काही एकदम दृष्टीस पडेना. चहूकडे पांढुरकी वाळू, तिच्यावर कासगवताचे वाळलेले झुबके, आणि त्या वाळूतून तीनचार निळसर धारा, एकमेकींपासून फुटून पुन्हा एकमेकींत मिसळणाऱ्या. वेणीचे पेड सुटून विखुरावेत तसे ते रूप होते. वाळूच्या बेटांवर कोठे गहू, कोठे मका, कोठे कळकाच्या तट्ट्यांच्या झोपड्या. डब्यातील एक वृद्ध गृहस्थ मला म्हणाले, "बाबाजी, आता ही निजलेली आहे. आषाढात या, म्हणजे हिचे तोंड दिसेल."

या पुलाचा इतिहास नदीच्या स्वभावाची पहिली ओळख करून देतो. निर्मली आणि सरायगढ यांना जोडणारा लोहमार्ग १८८७ साली तयार झाला होता. १९३४ च्या जानेवारीत नेपाळ-बिहारच्या सीमेवर महाभयंकर भूकंप झाला, आणि त्या वर्षीच्या भूकंपाच्या व पुराच्या तडाख्यात तो मार्ग नष्ट झाला. ही दोन गावे जवळजवळ समोरासमोर आहेत. पण त्यानंतर एकातून दुसऱ्यात रेल्वेने जावयाचे तर दूरचा वळसा घ्यावा लागे. नवा रेल्वेपूल २०२० च्या सप्टेंबरात राष्ट्रास अर्पण झाला. म्हणजे एका नदीने मिथिलेचे दोन भाग शहाऐंशी वर्षे रेल्वेपुरते तोडून ठेवले होते. या काळात कित्येक कुटुंबांतील सोयरीकसुद्धा नदी पाहून ठरत असे, असे तेथील लोक सांगतात.

कोसी आहे तरी कोण? वाल्मीकींच्या रामायणात विश्वामित्र ऋषी रामलक्ष्मणांना सांगतात की, आपली थोरली बहीण सत्यवती हीच पुढे कौशिकी नदी होऊन हिमालयातून वाहू लागली. कौशिकी म्हणजेच आजची कोसी. बडोद्याच्या वाचकांना हे वाचून मौज वाटेल, कारण त्यांच्या शहरातून वाहणारी विश्वामित्री परंपरेने त्याच ऋषीच्या नावाने ओळखली जाते. मिथिलेतील साधे लोक मात्र तिला 'कोसी मैया' म्हणतात. त्यांच्या लोकगीतांत ती अविवाहित, स्वच्छंद कन्याही आहे आणि माताही आहे. जिचे भय वाटते आणि जिच्यावाचून चालत नाही तिला माणूस याहून वेगळे काय म्हणणार?

भूगोलाच्या दृष्टीने पाहता तिचे मूळ नाव सप्तकोसी. इंद्रावती, सुनकोसी, तांबाकोसी, लिखू, दूधकोसी, अरुण व तमूर अशा सात नद्यांचे पाणी तिच्यात येते. जगातील सर्वांत उंच शिखर जो सगरमाथा अथवा एव्हरेस्ट, त्याच्या दक्षिण अंगाचे बर्फाचे पाणी दूधकोसीतून येते; उत्तर अंगाचे पाणी तिबेटातून हिमालय भेदून अरुणेतून येते; कांचनगंगेच्या पश्चिम अंगाचे तमूरमधून येते. त्रिवेणी येथे अरुण, सुनकोसी व तमूर यांचा संगम होतो, आणि तेथून थोड्याच अंतरावर चतरा गावापाशी पर्वत एकाएकी संपून मैदान सुरू होते.

या 'एकाएकी' शब्दातच पुढच्या साऱ्या कथेचे बीज आहे. डोंगरात नदी वेगाने धावते, आणि वेगवान पाण्याच्या अंगी दगड, वाळू, माती उचलून नेण्याचे सामर्थ्य असते. हिमालय हा वयाने तरुण व अंगाने ठिसूळ पर्वत. कडे ढासळतात, भूकंप होतात, पावसाळ्यात डोंगरउतार खचतात. हे सर्व द्रव्य कोसी घेऊन येते. चतरा येथे दरवर्षी सुमारे दहा कोटी टन गाळ तिच्यातून येतो, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. पण मैदानात उतरताच उतार कमी होतो, वेग मंदावतो, आणि दमलेल्या हमालाने ओझे वाटेतच टाकावे तसे नदी आपले ओझे टाकू लागते. प्रथम गोटे, मग जाड वाळू, मग बारीक रेती, आणि सर्वांत शेवटी चिकणमाती. ज्या वाटेने ती वाहते ती वाटच तिच्या गाळाने उंच होत जाते. काही वर्षांनी अशी वेळ येते की नदी दोन्ही बाजूंच्या भूमीपेक्षा उंचावरून वाहत असते. पाणी तर सखल जागा शोधणारच. एखाद्या मोठ्या पुरात काठ फुटतो आणि नदी जुनी वाट सोडून शेजारच्या खोलगट वाटेने निघून जाते. मग त्या वाटेचेही तेच होते.

अशा रीतीने इकडून तिकडे फिरत फिरत कोसीने चतऱ्यापासून गंगेपर्यंत उघडलेल्या हातपंख्याच्या आकाराचे एक विस्तीर्ण मैदान तयार केले आहे. त्याची लांबी दीडशे किलोमीटरांच्या आसपास भरते, आणि जगातील सर्वांत मोठ्या पंखाकृती मैदानांत त्याची गणना होते. नकाशा पाहिला की पंख्याच्या काड्यांसारख्या शेकडो लहानमोठ्या धारा दिसतात. या सर्व कधी ना कधी कोसीच्या वाटा होत्या. तेथील लोक अशा टाकलेल्या वाटेला 'धार' अथवा 'मरलेली कोसी' म्हणतात. मेलेली म्हणतात खरे, पण तिच्यावर कोणी पूर्ण भरवसा ठेवीत नाही.

अठराव्या शतकात कोसी पूर्णिया शहराच्या जवळून वाहत होती. मेजर जेम्स रेनेल यांनी त्या काळी बंगालचे जे नकाशे तयार केले त्यांत ती आजच्या मानाने पुष्कळ पूर्वेस दिसते. तेथून ती टप्प्याटप्प्याने पश्चिमेकडे सरकत गेली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुपौल, सहरसा व दरभंगा या भागांत येऊन पोहोचली. सुमारे अडीचशे वर्षांत तिने शंभराहून अधिक किलोमीटर जागा बदलली. आपल्याकडची कल्पना करावयाची तर, वडिलांच्या पणजोबांनी नदी बडोद्यापाशी पाहिली आणि आज ती अहमदाबादेच्या दारात आहे, असे म्हणण्यासारखे हे आहे.

नदी जेथून निघून गेली तेथे काय राहिले, हे पाहण्यासाठी आम्ही पूर्णियाकडे गेलो. मरावयाचे असेल तर पूर्णियाला जावे, अशा अर्थाची एक जुनी म्हण त्या भागात प्रचलित आहे. कोसीने मागे टाकलेल्या डबक्यांत व दलदलीत डास माजत आणि हिवतापाने गावेच्या गावे ओस पडत. सुपीक शेतांवर वाळू पसरून ती वर्षानुवर्षे पडीक राहत. या पडीक भूमीस तेथे 'परती' म्हणतात. हिंदीतील थोर कथाकार फणीश्वरनाथ रेणू याच भूमीचे पुत्र. त्यांची 'परती परिकथा' ही १९५७ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी या पडीक जमिनीची आणि तिच्यावर पुन्हा अंकुर फुटण्याच्या आशेची कथा आहे. आज पूर्णियाची ती स्थिती राहिलेली नाही. कालांतराने वाळूवर गवत आले, गवताने माती धरली, माणसांनी नांगर धरला. आज तेथे मका व ताग पिकतो. खोलगट पाणथळींतून मखाण्याचे पीक निघते. एका रविवारी मी तेथील एका संथाल वस्तीत मिस्साबलिदान अर्पण केले. आपल्या पूर्वजांनी दूरवरून येऊन येथील जंगल तोडले व शेते केली, असे तेथील वडीलधारे अभिमानाने सांगत होते. पूर्णिया जगले ते कोसी दूर गेली म्हणून. परंतु ती दूर गेली म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी दाराशी गेली, हेही विसरता येत नाही.

यावरून कोणी असे समजू नये की पूर म्हणजे निव्वळ विनाश. पुराने नदीचा काठ ओलांडला की पाणी पसरते व मंदावते. जाड रेती काठाजवळच पडते, बारीक माती दूरवर जाऊन बसते. त्यामुळे नदीच्या दोन्ही बाजूंस किंचित उंच असे नैसर्गिक तट तयार होतात आणि त्यांच्या मागे सखल, चिकणमातीची, ओलावा धरणारी जमीन राहते. उंच तटावर वस्ती, मागच्या सखल भागात भात, आणि त्याहून सखल 'चौर' नावाच्या पाणथळीत मासे, अशी उत्तर बिहारच्या जुन्या गावांची रचना या पुरांनीच आखून दिली आहे. मैदानात नागमोडी वाहणारी कोणतीही नदी वळणाच्या बाहेरच्या अंगास काठ कुरतडते आणि आतल्या अंगास वाळू टाकते. वळण वाढत जाते, त्याची मान अरुंद होते, आणि एखाद्या पुरात नदी ती मान कापून सरळ निघून जाते. मागे उरते ते घोड्याच्या नालासारखे शांत सरोवर. बेतियाच्या बाजूस, गंडकीच्या मुलुखात, अशा सरोवरांना 'मन' म्हणतात. त्याच बेतियात १७४५ साली कपुचिन धर्मगुरू जोसेफ मेरी बर्निनी यांनी ख्रिस्ती समाजाची स्थापना केली, आणि उत्तर भारतातील तो अत्यंत जुना भाविक समाज आजही तेथे नांदत आहे. सांगण्याचा मुद्दा असा की, हिमालयाच्या पायथ्यापासून गंगेपर्यंतचा हा सारा अन्नदाता प्रदेश पुरांनी थर थर रचून दिलेला आहे. ज्या मातीवर आपण उभे राहतो ती नदीने कधी तरी तेथे वाहून दिलेली देणगी आहे.

मग या नदीला आवरावे की नाही, हा प्रश्न माणसांपुढे फार पूर्वीपासून आहे. १९३७ साली पाटण्यात पूरपरिषद भरली होती. तीत मुख्य अभियंता कॅप्टन हॉल यांनी बांध घालून पूर रोखण्याच्या कल्पनेस स्पष्ट विरोध केला होता. परंतु १९५३ च्या पुरानंतर लोकांच्या हालांना पारावार राहिला नाही, आणि नव्याने स्वतंत्र झालेल्या देशास हात जोडून स्वस्थ बसणे शक्य नव्हते. १९५४ साली कंवर सेन व के. एल. राव हे दोन नामांकित अभियंते चीनमधील पीत नदीवरील बांध पाहून आले व त्यांनी कोसीवर बांध घालण्यास अनुकूल मत दिले. त्याच वर्षीच्या एप्रिलात भारत व नेपाळ यांच्यात करार झाला. १९५५ च्या जानेवारीत मातीच्या बांधांचे काम सुरू झाले. हजारो लोकांनी श्रमदानाच्या भावनेने डोक्यावर मातीच्या टोपल्या वाहिल्या. पुढे सीमेवर भीमनगरजवळ छप्पन्न दरवाजांचा बंधारा उभा राहिला. ज्या पिढीने हे केले तिच्या हेतूविषयी शंका घेण्याचे मला कारण दिसत नाही. भुकेल्या माणसाला संरक्षण हवे होते आणि तिने ते देण्याचा यत्न केला.

परंतु नदीचे पाणी बांधाने अडविले तरी तिचा गाळ कोठे जाणार? जो गाळ पूर्वी साऱ्या मैदानावर पातळ थराने पसरत असे तो आता दोन बांधांमधील पट्ट्यात साचू लागला. पात्र उंच होत गेले. कानपूरच्या आय.आय.टी.तील राजीव सिन्हा व त्यांचे सहकारी यांनी केलेल्या अभ्यासांतून असे दिसून आले आहे की, बांधांच्या आतील नदी कित्येक ठिकाणी बाहेरच्या जमिनीपेक्षा उंचावर आहे. बाहेर पडणाऱ्या पावसाचे पाणी पूर्वी नदीत उतरत असे. आता बांधच त्याची वाट अडवितो आणि ते शेतांत महिनोन् महिने तुंबून राहते. आणि बांधांच्या आत? दोन बांधांमधील अंतर कोठे चार-पाच किलोमीटर, तर कोठे दहा किलोमीटरांहूनही अधिक आहे. त्या पट्ट्यात तीनशेंहून अधिक गावे राहून गेली. बाहेर पुनर्वसनाच्या जागा देण्याचे ठरले होते. पण कित्येकांच्या जागा पाण्याने तुंबल्या, कित्येकांना शेतापासून दूर राहणे परवडले नाही, आणि माणसे पुन्हा आत परतली. दिनेशकुमार मिश्र या अभियंत्यांनी आपले आयुष्य या लोकांची कहाणी नोंदविण्यात वेचले आहे.

सुपौलजवळ बांध उतरून आम्ही नावेने अशाच एका गावी गेलो. गाव म्हणजे वाळूच्या उंचवट्यावर तीसेक घरे. कळकाचे खांब, तट्ट्यांच्या भिंती, वर गवताचे छप्पर. सत्तरी ओलांडलेल्या एका शेतकऱ्याने आम्हांस खाटेवर बसविले, भाजलेला मका पुढे केला आणि म्हणाला, "फादरजी, हे माझे बारावे घर. बारा वेळा सोडून नेले, बारा वेळा बांधले."

मी विचारले, "मग पक्के घर कोठे तरी उंचावर का बांधीत नाही?"

तो हसला. "पक्के घर नदी घेऊन जाते. कच्चे घर आम्ही घेऊन जातो."

त्याची जमीन कोठे आहे असे विचारता त्याने समोरच्या धारेकडे बोट दाखविले. कागदावर त्याच्या नावाची चार बिघे जमीन होती. ती पाण्याखाली होती. तिच्यावरचा सारा त्याने अनेक वर्षे भरला होता. "न भरीन तर नाव जाईल," तो म्हणाला, "आणि उद्या मैया सरकली, जमीन वर आली, तर मुलगा काय दाखवील?" बांधाच्या आधीचे दिवस त्याला वडिलांच्या तोंडून ठाऊक होते. त्या काळी पूर दोनचार दिवस राहून जाई आणि मागे मऊ गाळ ठेवी, त्यावर न नांगरताही पीक येई, असे तो सांगत होता. ते दिवस सुखाचे होते असे मात्र तो म्हणाला नाही. पटकी होती, हिवताप होता, उपासमार होती. जुन्या काळाविषयीचे हे प्रामाणिकपण मला फार मोलाचे वाटले.

२००८ सालच्या ऑगस्ट महिन्याची १८ तारीख त्या प्रांतातील कोणीही विसरलेला नाही. त्या दिवशी नेपाळमधील कुसहा येथे, बंधाऱ्याच्या वर काही किलोमीटरांवर, पूर्वेकडील बांध फुटला. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्या दिवशी नदीला काही विक्रमी पूर नव्हता. बांध साडेनऊ लाख क्युसेक पाणी पेलण्यासाठी रचला होता. प्रत्यक्षात त्या वेळी सुमारे दीड लाख क्युसेक पाणी होते. क्युसेक म्हणजे सेकंदास एक घनफूट. म्हणजे योजिलेल्या भाराच्या सहाव्या हिश्श्यानेच बांध गेला. एकदा वाट मिळताच नदीने जुन्या 'मेलेल्या' धारांचा माग काढला, आणि आपला बहुतेक प्रवाह सुमारे १२० किलोमीटर पूर्वेस वळविला. सुपौल, मधेपुरा, अररिया, सहरसा व पूर्णिया या जिल्ह्यांतील तीस लाखांहून अधिक लोकांना त्याची झळ लागली. मुरलीगंजसारख्या गावांतील तरुणांनी कोसी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. आजोबांच्या गोष्टीतील नदी एका रात्रीत अंगणात आली. ज्या धारांत पाणी नाही असे समजून लोकांनी घरे, रस्ते व बाजार वसविले होते, त्याच धारांतून ती गेली. देशभरातून मदत धावली; ख्रिस्तसभेच्या सेवासंस्थाही त्या कार्यात होत्या. पुढील वर्षाच्या आरंभी बांध सांधून नदी पुन्हा पश्चिमेकडे वळविण्यात आली. शेतांवरची वाळू मात्र पुष्कळ ठिकाणी तशीच राहिली.

त्यानंतर २०२४ च्या सप्टेंबरअखेर बंधाऱ्यातून ६ लाख ६१ हजार क्युसेक पाणी गेले. १९६८ नंतरच्या छप्पन्न वर्षांत एवढे पाणी आले नव्हते. या वेळी पश्चिमेचा बांध दरभंगा जिल्ह्यातील कीरतपूर भागात फुटला. अभियंते, पोलीस, होमगार्ड व गावकरी रात्रंदिवस राबत असतात, वाळूची पोती रचीत असतात. त्यांच्या श्रमांस उणे लेखणे अन्यायाचे होईल. पण गाळ दरवर्षी येतच आहे, आणि बांधाची उंची वाढवीत राहण्याला अंत कोठे आहे, हा प्रश्न तेथील साधा माणूसही आता विचारू लागला आहे.

त्या संथाल वस्तीत उपदेश करताना मी एका अडचणीत सापडलो होतो. प्रभू येशूने खडकावरच्या व वाळूवरच्या घराचा जो दाखला दिला आहे तो मला सांगावयाचा होता. पाऊस पडला, पूर आले, वारे सुटले. खडकावरचे घर टिकले, वाळूवरचे कोसळले. पण माझ्यासमोर बसलेल्या त्या माणसांच्या पायांखाली कोठेही खडक नव्हता. कोसाकोसांपर्यंत गाळच गाळ; लेकरांनी दगड पाहिला तो बहुधा रेल्वेच्या रुळांखालचा. वाळूवर घर बांधणारा मूर्ख, असे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगावे? मग शुभवर्तमानातील तो उतारा मी पुन्हा ध्यानपूर्वक वाचला. प्रभूच्या मुखी खडक म्हणजे भूगर्भातील पाषाण नव्हे. त्याचे वचन ऐकून त्याप्रमाणे आचरण करणे, हा तो खडक. बांधातल्या त्या गावी मी ऐकले होते की, एखाद्याचे घर हलवावयाचे झाले म्हणजे साऱ्या वस्तीचे पुरुष येतात, खांब सोडतात, छप्पर उचलून नेतात, आणि त्या रात्री त्या कुटुंबाची चूल शेजारी पेटविली जाते. याला मजुरी नाही आणि कोणी नकारही देत नाही. हेच उदाहरण मी त्या संथाल बांधवांपुढे ठेवले, आणि ते त्यांना समजावून द्यावे लागले नाही.

तथापि गरिबांच्या परस्परप्रेमाचे कौतुक करून आपण मोकळे होऊ शकत नाही. बांधाबाहेरची शहरे जेवढी सुरक्षित झाली तेवढी ती आतील लोकांच्या घराशेतांच्या किमतीवर झाली. एकाच्या कोरड्या अंगणासाठी दुसऱ्याचे अंगण बुडावयाचे असेल, तर कोरड्या अंगणात राहणाऱ्यावर त्याचे ऋण आहे. दिलेली वचने पाळणे, बुडालेल्या जमिनीवरील साऱ्याचे ओझे उतरविणे, आत राहणाऱ्यांना शाळा, दवाखाना व नाव मिळवून देणे, हे दानधर्माचे नव्हे, न्यायाचे काम आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या आपल्या परिपत्रात सृष्टीची आर्त हाक आणि दीनांची आर्त हाक वेगवेगळ्या नाहीत, असा बोध केला. त्या शिकवणीचा अर्थ मला कोसीच्या वाळवंटात जितका स्पष्ट झाला तितका पुस्तक वाचताना झाला नव्हता.

आपल्याकडे परत येऊ. आपल्या नद्या कोसीप्रमाणे जिल्हे ओलांडीत नाहीत हे खरे. परंतु प्रत्येक नदीला पुराच्या वेळी पसरण्यासाठी काही जागा लागतेच. ती जागा वर्षानुवर्षे कोरडी दिसते म्हणून ती कोणाचीच नाही असे नव्हे. ती नदीची असते. १९०८ साली २८ सप्टेंबरला हैदराबादेत मुसी नदीने हे दाखविले. २०१९ साली घटप्रभा व मलप्रभा यांनी बेळगाव जिल्ह्यात दाखविले. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीने बडोद्याच्या वस्त्यांत शिरून दाखविले. ज्या ओढ्यावर भराव घालून इमारती उठल्या, ज्या तळ्याचा भूखंड झाला, ते ओढे व ती तळी नकाशावरून पुसली गेली तरी पाण्याच्या स्मरणातून पुसली जात नाहीत. पाणी उतार वाचते, खरेदीखत वाचीत नाही.

म्हणून आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना माझी नम्र विनंती आहे. घरासाठी जागा घेताना भाव व रस्ता विचारता, तसेच शेजारच्या एखाद्या वृद्धास विचारा की, मोठ्या पुराच्या वर्षी पाणी कोठवर आले होते. नगरपालिकेत जाऊन पूररेषेचा नकाशा पाहा. धर्मग्रामाची शाळा, सभागृह वा दफनभूमीची भिंत बांधताना पाण्याची जुनी वाट अडत नाही ना, हे आम्ही धर्मगुरूंनीही पाहिले पाहिजे. नदीकाठच्या सखल जागेत राहण्याशिवाय ज्यांना गत्यंतर नाही अशी कुटुंबे प्रत्येक शहरात आहेत; पावसाळ्यापूर्वी त्यांची नावे व घरे आपल्या सेवामंडळांना ठाऊक असावीत, म्हणजे पाणी चढलेल्या रात्री शोधाशोध करावी लागणार नाही. आणि पेरणीच्या आधी शेतांना आशीर्वाद देण्याची जी जुनी प्रथा ख्रिस्तसभेत आहे ती जेथे चालू असेल तेथे, त्या प्रार्थनेत आपल्या गावच्या नदीचेही नाव घ्यावे, आणि तिच्यासोबत कोसीच्या दोन बांधांमध्ये राहणाऱ्या त्या बांधवांचेही स्मरण करावे. येत्या आषाढात ते पुन्हा पाण्याकडे डोळे लावून बसलेले असतील.